आघात कोठे पडतो?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आम्ही चौतीस वर्षे शाळेत विद्यार्थ्यांना वाक्यात उपयोग करण्यासाठी दिली. तिचा उपयोग एके दिवशी आमच्यावरच करण्याची पाळी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. २०१८ सालच्या सप्टेंबरात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आम्ही पुन्हा बाकावर जाऊन बसलो. हा बाक वसईतला नव्हता. उत्तर इटलीतील पादोवा शहरातल्या एका धर्मग्रामाच्या सभागृहातला होता. आमची कन्या तेथील इस्पितळात परिचारिका आहे. तिची रात्रपाळी, जावईबापूंची दिवसपाळी आणि नुकताच पहिलीत गेलेला नातू यांचा मेळ बसविण्यासाठी आम्ही उभयता तीन महिन्यांच्या व्हिसावर तेथे गेलो होतो. सौभाग्यवतींनी आठवड्याभरात हातवारे आणि हसू यांच्या बळावर भाजीबाजार जिंकला. आम्ही पडलो व्याकरणाचे शिक्षक. क्रियापदावाचून व्यवहार करणे आमच्या जिवावर येई. म्हणून परदेशी लोकांसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी चालणाऱ्या त्या विनामूल्य वर्गात आम्ही नाव घातले.

खरे तर पहिला धडा त्या शहराच्या नावानेच दिला होता. ज्याला आपण पदुआ म्हणतो ते तेथे ‘पादोवा’. विमानतळावर तिकीट काढताना आम्ही मधल्या ‘दो’वर जोर देऊन ते नाव तीनदा उच्चारले, आणि तिन्ही वेळा खिडकीमागच्या मुलीने मान हलविली. शेवटी कन्येने पुढे होऊन ‘पा’वर जोर दिला आणि तिकिटे हातात पडली. अक्षरे तीच, क्रम तोच. फक्त आघाताची जागा चुकली होती.

आपल्या घराघरांतून ज्यांची तसबीर असते ते पदुआचे संत अँथनीसुद्धा मूळचे पदुआचे नव्हेत, लिस्बनचे. म्हणजे तेही त्या मुलखात परकेच. १२३१ साली त्यांचे निधन झाले. १२६३ साली त्यांचे अवशेष नव्या मंदिरात हलविताना शवपेटी उघडली, तेव्हा त्यांची जीभ शाबूत आढळली. ती जीभ आजही तेथील महामंदिरात जतन केलेली आहे. पादोवाचे लोक त्या मंदिराला नुसते ‘इल सान्तो’, म्हणजे ‘संत’, एवढेच म्हणतात. ज्या गावात जिभेचा एवढा मान, त्या गावात आपली जीभ अशी अडखळावी, याची आम्हाला मनोमन लाज वाटली.

आमच्या वर्गात पंधराएक जण होतो. वृद्धांची देखभाल करणाऱ्या मोल्दोव्हा आणि युक्रेनच्या चार बायका होत्या. अशा बाईला तेथे ‘बादान्ते’ म्हणतात. हा शब्दही मुळात क्रियापदाचेच रूप: ‘बादारे’ म्हणजे काळजी घेणे, ‘बादान्ते’ म्हणजे काळजी घेणारी. काही बांगलादेशी तरुण होते, एक नायजेरियन दांपत्य होते, आणि सर्वांत वयस्कर विद्यार्थी आम्ही. शिकविणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. माहेर फ्लॉरेन्सकडचे, लग्नानंतर पादोवाला आलेल्या. आम्ही सारे त्यांना ‘माएस्त्रा’ म्हणत असू. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “क्रियापद पाठ करू नका. आधी ते फोडा, तुकड्यातुकड्यांनी म्हणा, आणि कोणत्या तुकड्यावर भार द्यायचा ते कानाने ठरवा.”

उच्चाराच्या अशा तुकड्याला तेथे ‘सिल्लाबा’ म्हणतात. नियम सोपे आहेत. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते: ‘आमो’ (मी प्रेम करतो) याचे तुकडे आ-मो. ल, म, न, र यांपैकी एखाद्यापुढे दुसरे व्यंजन आले की दोघांची फारकत होते: ‘पार्लो’ (मी बोलतो) म्हणजे पार्-लो. जोडव्यंजनाचे दोन भाग होतात: ‘लेग्गो’ (मी वाचतो) म्हणजे लेग्-गो. पण ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला सोडत नाही: ‘रेस्तारे’ (राहणे) म्हणजे रे-स्ता-रे.

येथेच आमचे देवनागरी डोळे आम्हाला फसवू लागले. वहीत ‘पार्लो’ लिहिले की डोळ्यांना ‘पा’ आणि ‘र्लो’ असे दोन भाग दिसतात, कारण आपल्या लिपीत आधीचे अर्धे व्यंजन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा खांद्यावर जाऊन बसते. जीभ मात्र ‘पार्’ म्हणून क्षणभर टेकते आणि मग ‘लो’ म्हणते. पुष्कळ विचार केल्यावर ध्यानात आले की हे तर आम्ही स्वतःच वर्षानुवर्षे शिकवीत आलो. वृत्त शिकविताना जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर आघात आल्यास गुरू मानायचे, हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! ते अक्षर गुरू का होते? पुढच्या जोडाक्षराचे अर्धे ओझे ते आपल्या अंगावर घेते म्हणून. इटालियन माणूस लिहितानाही तेथेच शब्द तोडतो; आपण तो केवळ कवितेत मोजतो. शिकविलेली गोष्ट समजायला आम्हाला निवृत्तीनंतरची दहा वर्षे लागली.

काही ठिकाणी मराठीने हात दिला. आपल्याला ‘चहा’तला च आणि ‘चाका’तला च असे दोन उच्चार जन्मतःच येतात. इतरांना ‘रिन्ग्राच्यो’ (मी आभार मानतो) यातील व्यंजन जड जाई. आमच्या तोंडात तो ‘चाका’तला च तयारच होता. ‘दिको’ म्हणजे मी म्हणतो, पण ‘दिची’ म्हणजे तू म्हणतोस. ‘लेग्गो’ म्हणजे मी वाचतो, पण ‘लेज्जी’ म्हणजे तू वाचतोस. लिहिण्यातले व्यंजन तेच राहते. पुढे इ किंवा ए आला की क चा च आणि ग चा ज होतो. उलट ‘चेर्को’ (मी शोधतो) याचे ‘चेर्की’ होते आणि ‘पागो’ (मी पैसे देतो) याचे ‘पागी’. तेथे ध्वनी राखण्यासाठी लिहिताना मध्ये एक मुका ‘एच’ घालतात. काही क्रियापदे अक्षर जपतात, काही आवाज जपतात. माणसांतही हे दोन प्रकार आढळतात.

खरी परीक्षा आघाताची होती. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही. आपण सारी अक्षरे जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इटालियनमध्ये आघातावरून शब्दांच्या जाती ठरतात. शेवटच्या तुकड्यावर आघात असेल तर शब्द ‘त्रोंका’, म्हणजे तोडलेला. शेवटून दुसऱ्यावर असेल तर ‘पियाना’, म्हणजे सपाट. तिसऱ्यावर असेल तर ‘स्द्रुच्चोला’, म्हणजे निसरडा. चौथ्यावर असेल तर ‘बिस्द्रुच्चोला’, दुप्पट निसरडा. ‘पार्लो’ यातील ‘पार्’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’. ‘लो’वर दिला तर ‘तो बोलला’. पुरुषही बदलला आणि काळही. शेवटच्या स्वरावर आघात असला तरच लिहिताना त्यावर तिरकी रेघ देतात. एरवी सहसा काहीच खूण नसते. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

निसरडेपणा सर्वांत जास्त अनेकवचनी तृतीय पुरुषात. ‘आबितो’ म्हणजे मी राहतो, आणि ते राहतात म्हणजे ‘आबितानो’. बांगलादेशी मुले आणि आम्ही एकजात ‘ता’वर जोर देत असू. माएस्त्रा हात वर करून थांबवीत. एकवचनात जोर ‘आ’वर आहे ना? मग अनेकवचनातही तो ‘आ’वरच राहायचा, मागे कितीही शेपूट वाढो. ‘ते फोन करतात’ याला ‘तेलेफोनानो’. जोर ‘ले’वर, आणि पुढचे तीन तुकडे उतारावरून घसरत जातात. ‘कापितानो’ या शब्दाचे उदाहरण तर तेथील प्रत्येक शाळेत देतात: ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’, ‘नो’वर दिला तर ‘त्याने नेतृत्व केले’.

मात्र ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांत आघात धातू सोडून प्रत्ययावर जातो: आ-बि-त्या-मो, आ-बि-ता-ते. ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘ते’ आपला भार मुळावर ठेवतात. ‘आम्ही’ म्हटले की तो भार पुढे सरकून ‘आम्हीपणा’वर जाऊन बसतो. यावरून आमची एकदा चांगलीच फजिती झाली. लेखनाच्या सवयीने आम्ही स्वतःविषयी बोलतानाही ‘नोई’, म्हणजे ‘आम्ही’, म्हणू लागलो. “आम्ही वसईला राहतो, आम्ही शिक्षक होतो.” माएस्त्रांनी आमच्या मागे, बाकाखाली पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “आपण एकूण किती जण आहात?”

त्याहून मोठी फजिती एका रविवारी दुपारी झाली. नातवाच्या चेंडूने तळमजल्यावरच्या आजोबांची जिरेनियमची कुंडी फुटली. अपराध्याला घरात ठेवून आम्ही स्वतः क्षमा मागण्यास गेलो. दार उघडताच छातीवर हात ठेवून म्हणालो, “पेर्दोनो! पेर्दोनो!” आजोबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. “की पेर्दे?” असे ओरडून ते आत धावले. आम्ही कुंडीचे तुकडे हातात घेऊन दारातच उभे. थोड्या वेळाने ते हसत परत आले, कुंडी पाहिली, खांद्यावर थोपटले आणि आम्हाला आत नेऊन कॉफी पाजली. घरी आल्यावर कन्येने उलगडा केला. आजोबा दूरदर्शनवर फुटबॉलचा सामना पाहात होते. आम्ही आघात ‘पेर्’वर दिल्यामुळे वाक्य झाले होते, “ते हरताहेत! ते हरताहेत!” आणि त्यांनी विचारले होते, “कोण हरतंय?”

दुसऱ्या दिवशी माएस्त्रांना हा प्रसंग सांगितला तेव्हा वर्ग पोट धरधरून हसला. त्या मात्र हसता हसता फळ्याकडे वळल्या आणि तो शब्द त्यांनी तीनदा लिहिला. पेर्-दो-नो. पहिल्या तुकड्यावर आघात: ‘पेर्देरे’ या क्रियापदाचे रूप, ते हरतात, ते गमावतात. दुसऱ्या तुकड्यावर आघात, पेर्-दोऽ-नो: ‘पेर्दोनारे’चे रूप, मी क्षमा करतो, क्षमा या नामाचा उच्चारही हाच. तिसऱ्यावर आघात: त्याने क्षमा केली. मग त्यांनी ‘पेर्दोनारे’तील ‘दोनारे’खाली रेघ ओढली. दोनारे म्हणजे देणे. ‘दोनो’ म्हणजे भेट. आमच्या डोळ्यांपुढे लख्ख उजेड पडला. लॅटिनमधील ‘दोनुम’ आणि संस्कृतातील ‘दानम्’ ही एकाच मुळाची भावंडे! म्हणजे क्षमा या शब्दाच्या पोटात दान आहे, आणि आघात नेमका त्या दानावर द्यायचा आहे. तो तेथे न देता अलीकडेच दिला, की जे उरते ते गमावणे.

त्या दिवशीचा गृहपाठ होता ‘पेर्दोनारे’ची भविष्यकाळी आणि संकेतार्थी रूपे. प्रथम पुरुषी अनेकवचनात दोहोंत फक्त एका ‘म’चा फरक. पेर्-दो-ने-रेऽ-मो: आम्ही क्षमा करू. पेर्-दो-ने-रेम्-मो: आम्ही क्षमा करूही, जर… आघात दोन्हींत ‘रे’वरच. पण पहिल्यात तो स्वर लांबतो, मोकळा होतो; दुसऱ्यात तो आखडतो आणि ओठ क्षणभर मिटलेले राहतात. जोडव्यंजनाचा सराव मराठी माणसाला निराळा नको. ‘मत’ मिळाले की माणूस ‘मत्त’ होतो, हे आपण नेहमीच पाहतो. माएस्त्रा म्हणाल्या, “या पादोवाच्या लोकांकडून हे शिकू नका. व्हेनेतो प्रांताची जीभ जोडव्यंजने गिळते. तीस वर्षे झाली, माझे यजमान क्षमा करणार आहेत की करू शकले असते, हे मला अजून कळलेले नाही!”

पुढे त्यांनी या रूपांचा जन्मही सांगितला. लॅटिनोत्तर बोलीत मूळ क्रियापदाला ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचे सहायक क्रियापद जोडून ही रूपे घडली. वर्तमानकाळचे सहायक लागले तेव्हा भविष्यकाळ झाला. भूतकाळचे लागले तेव्हा संकेतार्थ. म्हणजे शब्दशः पाहिले तर ‘पेर्दोनेरेमो’ म्हणजे ‘क्षमा करणे आमच्यापाशी आहे’, आणि ‘पेर्दोनेरेम्मो’ म्हणजे ‘क्षमा करणे आमच्यापाशी होते’.

वाचकहो, त्या रात्री आम्ही गृहपाठ पुरा करू शकलो नाही. प्रत्येक रूपाचे एकेक वाक्य करावयाचे होते. ‘तू’, ‘तो’, ‘ते’ यांची वाक्ये झाली. ‘आम्ही’पाशी लेखणी अडली.

गावी आमचे थोरले बंधू होते. वडिलांच्या पश्चात वाडीची वाटणी झाली आणि विहीर दोघांत सामाईक राहिली. पंपाच्या पाळ्यांवरून एका उन्हाळ्यात शब्दाला शब्द वाढला. त्यांच्या केळी जगल्या, आमची पानवेल वाळली. पुढे पानवेलही राहिली नाही आणि केळीही राहिल्या नाहीत, तरी अबोला राहिला. नऊ वर्षे आम्ही एकाच चर्चमध्ये दोन निरनिराळ्या दारांनी ये-जा करीत होतो. कोणी विषय काढला तर आमचे उत्तर ठरलेले असे: “दादांनी एक शब्द बोलावा, आम्ही सारे विसरू.” हे उत्तर आम्हाला फार उदार वाटे. त्या रात्री ते इटालियनमध्ये मांडताना कळले की ते भविष्यकाळी वाक्य नव्हतेच. त्यात तो जास्तीचा ‘म’ होता. नऊ वर्षे आम्ही ओठ मिटून, मनात ‘जर’ धरून बसलो होतो आणि त्यालाच क्षमा म्हणत होतो. दादांची चूक होती की नाही, हा प्रश्न निराळा. आमचे व्याकरण चुकले होते, एवढे निश्चित.

नोव्हेंबरच्या अखेरीस पुतण्याचा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याने आम्हाला ‘काका’ म्हटले. दादांना पक्षाघाताचा झटका आला होता. जीव वाचला होता, पण वाचा गेली होती. “काका, ते काही बोलू पाहतात, पण कळत नाही,” एवढेच तो सांगू शकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ‘इल सान्तो’त गेलो. त्या काचेआडच्या जिभेपुढे बराच वेळ उभे राहिलो. ‘दादांनी एक शब्द बोलावा’ ही आमची अट होती. आता तो शब्द त्यांच्या हाती राहिला नव्हता. आम्ही फार काही मागितले नाही. क्षमा करणे अजून आमच्यापाशी असावे, ‘होते’ होऊ नये, एवढेच मागितले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो आणि सामान घरी टाकून तसेच पलीकडच्या अंगणात गेलो. वहिनी दारात होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, बाजूला झाल्या. दादा खाटेवर उशीला टेकून बसले होते. वाचेवर उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत असत. भिंतीवर एक कागद लावला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत शब्द तोडून लिहिले होते: पा-णी. जे-वण. औ-षध. चौतीस वर्षे व्याकरण शिकविलेल्या माणसाला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परक्या मुलखात जाऊन शिकलेला धडा, दादांच्या भिंतीवर लिहिलेला दिसला.

आम्ही खाटेशी बसलो. दादांनी आमच्याकडे पाहिले. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. तोंडाची एक बाजू साथ देत नव्हती. बऱ्याच कष्टाने एक तुकडा बाहेर आला, मध्ये श्वास गेला, आणि मग दुसरा आला.

“आ… लास.”

आघात कोणत्या तुकड्यावर होता, ते आम्हाला सांगता येणार नाही. लाख्यात, द्वितीय पुरुष, एकवचन, एवढे ओळखता आले. आयुष्यभर क्रियापदे चालविलेल्या आम्हाला त्या वेळी एकच रूप सुचले.

“आलो, दादा.”

पुढे दादा दोन वर्षे होते. रोज संध्याकाळी तासभर आम्ही त्यांच्यापाशी बसून शब्द फोडीत असू. काही शब्द परत आले, काही आले नाहीत. विहिरीचा विषय निघाला नाही. क्षमेचाही निघाला नाही. दोघांनाही तो शब्द उच्चारण्याची गरज उरली नव्हती. एकदा आम्ही त्यांना पादोवाच्या आजोबांची आणि फुटबॉलची गोष्ट सांगितली, तेव्हा ते अर्ध्या चेहऱ्याने खूप वेळ हसले.

आमची इटालियन आता पुष्कळशी विसरली आहे. नातू फोनवर चुका काढतो. ‘आबितानो’वर आम्ही अजूनही घसरतो. पण पेर्-दोऽ-नो या एका शब्दाचा आघात कोठे पडतो, तो आम्ही आता चुकत नाही.